पदरावरचा मोर

आमच्या घरात बाहेरून आलेली कुठलीही वस्तू सरळ आत जात नसे. आधी तिला ओटीवर थांबावं लागे. महाडच्या बाजारात बाबा मडकं घ्यायला बसले की ते इतक्या जागी वाजवून बघत, की शेवटी कुंभारच वैतागून म्हणे, "ठेवा खाली, मला इकायचंच नाय." नारळ कानाशी हलवायचा, मिठाचा खडा जिभेला लावायचा, आणि कोणी पाहुणा हसतमुखाने येऊन गेला की हा मघाशी हसत का होता, याचा दिवसभर विचार करायचा. भात दरवर्षीपेक्षा चांगलं आलं तरी बाबांचं तोंड उतरे. यात कुठेतरी खोट निघणार, याची त्यांना खात्री असे.

मला शाळेत घातलं तेही या संशयापायीच. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. थोरली ताई, मधली मी आणि तेव्हा पाळण्यात असलेली धाकटी. ताईच्या वेळी शाळेचा विषयच निघाला नव्हता. पण पुढे बाबांच्या मनाने असं घेतलं, की सरकारी कागद वाचून दाखवणारा माणूस कागदावर असतं एक आणि वाचतो दुसरंच. तेव्हा घरात वाचणारं एक तरी माणूस हवं आणि ते आपल्याच रक्ताचं हवं. म्हणून मग मी. आंबेनळीच्या पायथ्याशी आमची वाडी, तिथून बांधाबांधाने शाळेची वाट. त्या शाळेत मुली म्हणजे मी, मास्तरांची भाची, आणि घरात काम नसेल त्या दिवशी येणारी आणखी एक.

मी बाबांचीच मुलगी, हे आधीच सांगून टाकते. मलाही चटकन कोणाचं काही खरं वाटत नाही. या गोष्टीत सगळेच कोणावर ना कोणावर संशय घेतात आणि मीही घेतला. फक्त एका माणसावर कोणीच घेतला नाही.

महाबळेश्वरला जाणाऱ्या मोटारी त्या काळी घाट चढण्याआधी पोलादपुरात पाण्याला थांबत. अशाच एका मोटारीतून एक गृहस्थ उतरले आणि मोटार गेली तरी मागेच राहिले. पायात बूट, डोक्यावर साहेबाची टोपी, गळ्यात दुर्बीण, पण बोलणं अस्सल मराठी. ते रोज सकाळी आमच्या शेतांकडे येत आणि एखाद्या उंबराखाली बसून वर टक लावून बघत राहत. वाडीत लगेच चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं, जमिनी मोजायला आलाय. कोणी म्हणालं, घाटात दुसरा रस्ता काढणार, त्याची जागा हेरतोय. बाबांनी तर बांधाआड बसून त्यांच्यावर पाळतच ठेवली.

"काय करतो ओ तो?" आईने विचारलं.

"पाखरां बगतो."

"मग बगू दे की."

"एवढा शिकलेला मानूस मुंबईवरनं पाखरां बगायला येल? काय बोलतीस! काहीतरी हाय."

काहीतरी होतंच. एक दिवस ते गृहस्थ पुठ्ठ्याची एक पेटी घेऊन शाळेत आले. मुंबईत त्यांच्यासारख्या हौशी लोकांची एक मंडळी होती म्हणे. रानातले पशुपक्षी मुलांना नावानिशी ओळखता यावेत, उगाच दगड मारू नयेत, कोणाचा काय उपयोग ते कळावं, असा त्यांचा खटाटोप. त्यांनी पेटी उघडली आणि वर्गातली सगळी पोरं जागची उठली. आत बिल्ले होते. ढब्बू पैशापेक्षा जरा मोठे, पत्र्याचे, वरून काचेसारखे चकचकीत, मागे कपड्याला अडकवायची टाचणी. प्रत्येकावर एक रंगीत चित्र. खंड्या, साळुंकी, घुबड, धामण, वटवाघूळ, शेकरू, मोर. चित्राभोवती गोल अक्षरांत छापलेलं होतं, 'मला ओळखा, मला राखा'.

अट एकच. ज्या प्राण्याचा बिल्ला हवा त्याची सगळी माहिती मास्तरांपुढे घडाघडा सांगायची. तो काय खातो, कुठे राहतो, अंडी घालतो की पिल्लं, शेतकऱ्याच्या काय उपयोगाचा. चुकलात तर बिल्ला पेटीत परत. ते गृहस्थ पेटी मास्तरांकडे सोपवून निघून गेले आणि पुन्हा आम्हाला कधी दिसले नाहीत. बाबांना हे फारच खटकलं. ज्याने एवढं फुकट वाटलं तो ते परत न्यायला कधीतरी येणारच, असं ते बरेच दिवस म्हणत होते.

मी साळुंकीपासून सुरुवात केली. 'साळुंकी नांगरामागे चालते, मातीतले किडे वेचते, गुरांच्या पाठीवरच्या गोचड्या खाते.' मग धामण, मग वटवाघूळ. चुलीपाशी बसून मी मोठमोठ्याने पाठ करी आणि आई भाकऱ्या थापता थापता ऐके.

इकडे वाडीत वेगळंच शिजत होतं. त्या वर्षांत रानातल्या गवतावरून आणि लाकडावरून लोकांचं सरकारशी वाजलेलं होतं. जंगलखात्याच्या शिपायाच्या पट्ट्यावर पितळी बिल्ला असे. आता पोरांच्या छातीवर बिल्ले आले आणि तेही रानातल्या जनावरांचे, म्हटल्यावर लोकांनी दोन अधिक दोन करून टाकले. सरकारने घराघरात एकेक शिपाई नेमलाय! कोणाच्या घरी भेकराचं मटण शिजलं, कोणी रानातून डुक्कर आणलं, हे पोरं शाळेत सांगणार. आमच्या शेजारच्या घरी तर शिजत्या सागोतीवर झाकण ठेवून त्यावर दगड ठेवला होता आणि बाप आपल्या पोराला लाडीगोडीने विचारत होता, "तू कोनाला सांगनार नायस ना रे?" पोरगं बिचारं शेकरू काय खातं ते पाठ करत बसलं होतं.

हा संशय मावळतो न मावळतो तोच दुसरा उभा राहिला, आणि तो जास्त खोल गेला.

आमच्याकडे प्रत्येक घराण्याला देवक असतं. कोणाचं एखाद्या झाडाची डहाळी, कोणाचा वेल, कोणाचं पाखराचं पीस. लग्नात आधी देवक पुजायचं, मग बाकीचं. एरवी त्याला इजा करायची नाही. आणि ज्यांचं देवक एक, ते एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक व्हायची नाही. आमचं देवक कळंब. खालच्या आळीत काही घरं मोराच्या पिसाची होती. त्यातल्या एका पोराने मोठ्या मेहनतीने मोराचा बिल्ला मिळवला आणि दुसऱ्या दिवशी तो देऊन दुसऱ्याकडून शेकरू घेतलं. पोरांची देवाणघेवाण ती. पण त्याच्या आजोबांना कळलं तेव्हा म्हातारा काठी घेऊनच बाहेर पडला. "देवक देऊन टाकलंस? शेपटीवाल्या खारीसाठी?" आणि ज्या पोराच्या छातीवर आता मोर होता, त्याच्या घरच्यांना निरोप गेला, की तुम्ही आमचं देवक लावलंत, तर आता तुमच्या पोरी आमच्याकडे चालायच्या नाहीत.

देवळात बैठक बसली. मास्तरांना बोलावलं. मास्तर पुण्याकडचे, मऊ स्वभावाचे.

"अहो, ही नुसती चित्रं आहेत," ते हात जोडून म्हणाले. "मुलांना निसर्गाची माहिती व्हावी, एवढाच हेतू आहे."

"आसंल. पन मोर आमचा हाय," म्हातारा म्हणाला.

मग आमचे कळंबवाले उठले. "मास्तर, मोराचा बिल्ला हाय, साळुंकीचा हाय. कळंबाचा का नाय?"

"कळंब हे झाड आहे. हे बिल्ले प्राण्यांचे आहेत."

"म्हंजे मुंबईवाल्यांच्या लेखी आमी कोन नाय?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. शेवटी असं ठरलं, की ज्याच्या देवकाचा बिल्ला असेल त्याने तो खुशाल छातीवर लावावा, बाकीच्यांनी मिळवलेले बिल्ले घरात ठेवावेत, चारचौघांत लावू नयेत. धामण, वटवाघूळ यांना कोणी वाली नव्हता, ते कोणीही लावावेत. घुबडाला तर कोणी हातच लावला नाही.

त्यामुळे मी मोराची माहिती बिनचूक सांगून तो बिल्ला मिळवला खरा, पण तो मला कुठेही लावता येईना. एका लाल चिंधीवर मी माझे सगळे बिल्ले टाचले आणि ती चिंधी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. दुपारी ट्रंक उघडून बघत बसायचं, एवढाच माझा आनंद. आई येऊन मागे उभी राही.

"हा कोनाचा गो?" ती एकेका बिल्ल्यावर बोट ठेवून विचारी.

"आये, हा कोनाचा नाय. ही धामन हाय. उंदीर खाते."

"बरं. आनि ही साळुंकी कोनाची?"

"आये, साळुंकी पक्षी हाय!"

"ते दिसतं मला. कोनाची, ते इचारते."

मग पाणवठ्यावर ती बायकांना विचारून येई आणि मला सांगे, की साळुंकी अमक्या गावाच्या घरांची, मोर खालच्या आळीचा, शिवाय वरंधकडच्या काही घरांचा. माझ्या शिक्षणाचा आईवर काडीचा परिणाम होत नाही, याचं मला फार वाईट वाटे.

वरंधकडचं नाव निघालं ते ताईच्या स्थळामुळे. ताई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. स्थळ बिजवराचं. मुंबईला गोदीत कामाला, गावी भाताची चांगली शेती, वयाने बाबांच्या पाठच्या भावाएवढा. त्याचे चुलते बोलणी करायला आले आणि त्यांचं बाबांशी पहिल्या भेटीतच जमलं. कसं जमलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. बाबांनी त्यांच्यापुढे पानाचं तबक ठेवलं, तर त्या गृहस्थांनी सुपारी आधी उजेडात धरून बघितली, मग नखाने खरवडली, मग वास घेतला. बाबा नुसते बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या जोडीचा माणूस भेटला होता. दोघांनी मिळून सबंध दुपार जगावर संशय घेतला. संध्याकाळी चुलते उठले तेव्हा सोयरीक जवळजवळ पक्की झालेली होती. देवकाची विचारपूस झाली. आमचं कळंब, त्यांचं मोराचं पीस. कुठे अडत नव्हतं. मंडळी मुलगी बघून जातील, एवढंच बाकी होतं.

त्या आठवड्यात आई महाडच्या बाजाराला गेली. तिथे तिला तिची एक लांबची मावशी भेटली, वरंधकडे दिलेली. आई संध्याकाळी परत आली. जेवताना वाढता वाढता तिने विषय काढला. मी पानावरच होते.

"त्यांची पयली बायको कशी गेली, इचारलंत?"

"इहिरीवर पाय घसरला," बाबा म्हणाले. "पाय कोनाचापन घसरतो."

"त्याच्या आदी तिचा हात मोडला हुता म्हनं. त्याच्या आदी केस जळलं हुतं."

"कोन म्हनं?"

"बाया बोलतात."

"बाया!" बाबा ताटावरून उठले. "तुला ना, संशय घ्यायची खोड लागलीय."

हे बाबा म्हणाले. मडक्याला वाजवून बघणारे, पाखरं बघणाऱ्यावर पाळत ठेवणारे माझे बाबा. आजही ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं. जगातल्या प्रत्येक निरुपद्रवी गोष्टीवर त्यांनी संशय घेतला, आणि जिथे घ्यायला हवा होता नेमक्या तिथे त्यांनी डोळे मिटून घेतले.  आईने ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. ताई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

मुलगी बघायला मंडळी आली तेव्हा घरात नुसती धांदल होती. चुलते, त्यांची बायको, आणखी दोन पुरुष. नवरा मुलगा मुंबईलाच होता, त्याला रजा नव्हती. चुलीवर घावनं चालली होती, नारळाचं गूळ घातलेलं दूध तयार होतं. शेजारपाजारच्या बायका आत दाटीवाटीने बसलेल्या. काकी, म्हणजे बाबांच्या भावाची बायको, ताईला लुगडं नेसवत होती. मला धाकटीला घेऊन मागच्या दारी बसवलं होतं, म्हणून आत नेमकं काय झालं ते मी पाहिलं नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुढे सगळ्यांचा असाच समज झाला, की मी आत होते.

ताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी दाराच्या फटीतून बघत होते. ती खाली बघत चालत होती, आणि तिच्या खांद्यावर, पदर जिथे टाचला होता तिथे, माझा मोर होता. निळा, हिरवा, चकचकीत. ओटीवर ऊन आलं होतं, त्यात तो लखलखत होता.

चुलत्यांनी तांब्या हातात घेतला आणि तो तसाच खाली ठेवला.

"पोरी, ह्ये काय?"

"बिल्ला," ताई पुटपुटली.

"त्यावर काय हाय?"

ताईने मान तिरकी करून बघितलं. "मोर," ती म्हणाली.

चुलत्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा हसत सांगू लागले, की शाळेतला आहे, मधल्या पोरीचा आहे, मुंबईचा एक माणूस येऊन गेला. चुलते मान डोलवत ऐकत होते, पण ती मान मी ओळखत होते. सुपारी नखाने खरवडतानाचीच ती मान होती. ते उठले आणि म्हणाले, "देवाच्या पाया पडून येतो." देव्हाऱ्यापाशी गेले. तिथे देवांच्या मागे मोराचं एक लांब पीस उभं होतं. आमच्या देव्हाऱ्यात पीस कधी आलं, ते मला आठवेना.

तेवढ्यात त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरात आईला विचारलं, "वयनी, तुमचं देवक काय गो?"

आईने तव्यावरचं घावन उलटलं. मग म्हणाली, "ह्यांनी सांगितलंय ना? मग तेच."

मला वाटलं, ही आई! साधा कळंब म्हणता येत नाही हिला? नेमक्या वेळी माती खाल्ली!

ओटीवर मग जे झालं ते दोन संशयी माणसांचं भांडण होतं, आणि तसं भांडण कोणी जिंकत नाही. चुलते म्हणाले, "तुमी मोरवाले. आमी मोरवाले. म्हंजे पोर आमची भन लागते. बिजवर बरा गावला म्हनून देवक लपवलंत?" बाबांनी भाऊबंदांना साक्षीला बोलावलं. चुलते म्हणाले, भाऊबंद तर बोलणारच तुमच्या बाजूने. बाबा म्हणाले, गुरवाला विचारा. चुलते म्हणाले, गुरव तुमच्याच गावचा. बाबा जितकं जास्त सांगत तितका त्यांचा संशय वाढत होता, आणि मला वाटतं, तो का वाढतोय ते बाबांना आतून चांगलं कळत होतं. त्यांच्या जागी बाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं. शेवटी बाबा रडकुंडीला येऊन ओरडले, "माज्या देवकाची शपत घेतो!"

"कंच्या?" चुलत्यांनी विचारलं.

मंडळी उठली. घावनं ताटातच राहिली. बैलगाडी वळणाआड जाईपर्यंत बाबा अंगणात उभे होते.

मग घरात चौकशी बसली. बिल्ला माझा, म्हणून पहिली चपराक मला. मी रडून सांगत होते, की मी मागच्या दारी होते, धाकटी माझ्या कडेवर होती. ताई म्हणाली, "मी मान खाली घालून हुते, पदर कोनी टाचला ते मला नाय ठावं." काकी म्हणाली, पदर सारखा घसरत होता, टाचणी मागितली, मागून कोणीतरी हातात दिली, गडबडीत कोण बघतं? आणि देव्हाऱ्यातलं पीस? ते कोणीतरी रानातून आणून खोचलं असेल, पीस कोणाच्या घरात नसतं? बाबांनी काकीवर संशय घेतला, मग खालच्या आळीवर, मग थेट मास्तरांवर. मास्तर मोरवाल्यांना सामील आहेत, असं म्हणत ते शाळेत जाऊन भांडून आले आणि माझी शाळा बंद झाली. पावसाळा संपेपर्यंत मी गुरांमागे होते. पुढे एक सरकारी कागद आला, तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं बाबांच्या जिवावर आलं, म्हणून मला परत पाठवलं.

बिल्ले मात्र गेले. "ती पीडा नदीत टाकून ये," बाबा आईला म्हणाले. आई लाल चिंधीचं बोचकं पदराखाली घेऊन सावित्री नदीकडे गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. बाजारातून आणलेलं मीठ दोनदा चाखणाऱ्या बाबांनी तिला काही विचारलं नाही. मी मागच्या दारी बसून भोकाड पसरलं. इतकी मेहनत, इतकं पाठांतर, सगळं पाण्यात.

मला संशय होता ताईचा. तिनेच ट्रंक उघडून बिल्ला काढला असणार, एरवी दुसऱ्या कोणाला त्याची जागा ठाऊक होती? मी तिच्याशी नीट बोलेना. तीही माझ्याशी बोलेना. आम्ही दोघी एका गोधडीत एकमेकींकडे पाठ करून झोपायचो.

त्या वरंधकडच्या बिजवराने त्याच मोसमात दुसरीकडे लग्न केलं. वर्ष सरायच्या आत ती मुलगी माहेरी परत आली आणि पुन्हा सासरी गेली नाही. का आली, ते मोठ्याने कोणी बोललं नाही, पण तिला एका कानाने ऐकू येईनासं झालंय, एवढं आमच्यापर्यंत आलं. बाबा ओटीवर बसले होते. बातमी ऐकून ते बराच वेळ पानाची चंची उघडत आणि बांधत राहिले. मग म्हणाले, "मला पयल्यापासून संशय हुता." आई आत तांदूळ पाखडत होती. तिचं सूप जराही थांबलं नाही.

ताईचं लग्न पुढे महाडातल्या एका दुकानदाराशी झालं. भला माणूस. तो का हसतो, याचा बाबांनी बराच तपास केला, पण काही निघालं नाही. पहिल्या सणाला ताई माहेरी आली तेव्हा तिने मला गोठ्यात गाठलं आणि एकदम मिठी मारली.

"तूच टाचलास ना गो तो बिल्ला?" ती म्हणाली. "मला ठावं हाय. तुजं उपकार मी इसरनार नाय."

"मी? मला वाटलं तू!"

 दोघींनाही एकमेकींचं खरं वाटेना. शेवटी, काकीच असणार, असं आम्ही ठरवून टाकलं, आणि पुढे काकीला दोघी जरा जास्तच मानाने वागवू लागलो. ती बिचारी बुचकळ्यात पडली आणि या पोरींना आपल्याकडून काय हवंय, असा तिलाच संशय येऊ लागला.

आणखी काही वर्षं गेली आणि माझी वेळ आली. स्थळ पोलादपूरचंच, मुलगा शाळेत शिकवणारा. मी त्याला ताईच्या घरी लांबून बघितलं होतं. मंडळी दुपारी यायची होती. मी न्हाऊन केस वाळवत चुलीपाशी बसले होते. आईने दार लोटून घेतलं. मग फळीवरचं नाचणीचं मडकं खाली काढलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि एक लाल बोचकं बाहेर काढलं.

सगळे बिल्ले होते. खंड्या, धामण, वटवाघूळ, शेकरू. एकावरही गंज नव्हता. राखेने पुसून पुसून मागचे पत्रे पांढरे झाले होते. मोरही होता. आईने साळुंकी काढून तळहातावर घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"त्यांचं देवक साळुंकीचं पीस," ती म्हणाली. "मी इचारून घेतलंय. पोरगा तुला नको आसंल तर आत्ता सांग. मंडळी यायला येळ हाय."

 ही बाई नवऱ्याच्या पुढ्यात कधी मान वर करून बोलली नव्हती. तिला काही कळत नाही, असं मी शाळेत जाऊ लागल्यापासून धरून चालले होते. घरातल्या एवढ्या संशयी माणसांनी तिच्याकडे एकदासुद्धा संशयाने बघितलं नव्हतं, इतकं आम्ही तिला काही समजतच नव्हतो. मला तिचा अभिमान वाटला, आणि इतकी लाज वाटली की तिच्या तोंडाकडे बघवेना.

"आये," मी कसंबसं म्हटलं, "ताईला तूच..."

"पदर घसरत हुता तिचा," आई म्हणाली. "तू तुजं बोल."

"मला चालंल गो."

"बाबा म्हनतात म्हनून?"

"नाय. मला आवडलाय."

तिने माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. बाबा मडकं घेताना बघत, तसं तिने बराच वेळ माझ्याकडे निरखून बघितलं. माझे डोळे भरून वाहत होते, तरी मी हसले. तेव्हा कुठे तिची खात्री पटली. तिने साळुंकी चिंधीवर पुन्हा टाचली, बोचक्याला गाठ मारली आणि ते नाचणीत खोल दाबलं.

"बरं," ती मडकं फळीवर ठेवत म्हणाली. "ऱ्हाऊ दे मग. धाकटी हाय अजून."